न पेटलेला जाळ

आधीच सांगून ठेवतो, मी भांडकुदळ माणूस न्हाय. उद्यमनगरात कुणालाबी विचारा. बाळासो चौगुले आपणहून कुणाच्या वाटेला जात न्हाय. पण कुणी मान राखला न्हाय तर मग मी गप बसत न्हाय, आणि ह्यात माझं काय चुकतंय ते अजून मला कुणी पटवून दिलेलं न्हाय. आमची ही, म्हणजे तानाबाई, म्हणती की तुमचं नाक आधी दारातनं आत येतंय आणि मागनं तुम्ही. म्हणू दे. तिला माझ्यावर बोलायला दुसरा विषय सापडत न्हाय.

माझं वेल्डिंगचं दुकान, तानाबाईबी जोडीला असती. ट्रॉल्या, गेट, जिने, खिडकीच्या जाळ्या, काय म्हणशीला ते. शेजारचा गाळा बरीच वर्षं कुलपात होता, तो क्रांतीनं भाड्यानं घेतला. क्रांती म्हणजे आमच्या शालूआक्काची सून. शिकलेली इंजिनेर. नवरा राजवर्धन हैदराबादला नोकरीला, आणि ही इथं सासूला जोडीला घेऊन डबे बनवती. जेवणाचे न्हवं, विजेचे.

ते डबे कशाचे हे माझ्या डोक्यात शिरायला लई दिवस लागले. गॅस टर्बाइन म्हणून एक अवाढव्य यंत्र असतंय. त्याच्या पोटात गॅस जळतो आणि त्यावर वीज तयार होते. आता पोटातला जाळ पेटलाय का विझलाय हे बघायला माणूस काय आत डोकं घालत न्हाय, म्हणून तिथं एक डोळा बसवलेला असतो. जाळ दिसला की डोळा सांगतो, हाय. न्हाय दिसला की सांगतो, न्हाय, आणि मग गॅस बंद होतो. ह्या डोळ्याला वीज पुरवणारा जो डबा, तो क्रांतीचा. घरातल्या साध्या विजेवर डोळा चालत न्हाय, त्याला तीनशेच्या वर व्होल्ट लागतात, तेबी एकदम शिस्तीत, न हलता. डबा अडखळला की डोळा मिटला, आणि डोळा मिटला की चालू टर्बाइन ठप्प. उलटं झालं तर त्याहून वंगाळ. जाळ नसताना डोळा 'हाय' म्हणला, तर गॅस आत येतच राहतो, आणि मग जेव्हा पेटतो तेव्हा जाळ आन् धूर संगटच. आपण हे गमतीनं म्हणतो, तिथं खरंच होतंय.

मला हे सगळं कसं माहीत, असं विचारशीला. दोन्ही गाळ्यांवर पत्रा एकच हाय आणि मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचलेलीच न्हाय. वर हातभर फट. तिकडं कुणी शिंकलं तरी मला ऐकू येतंय. मी मुद्दाम ऐकत न्हाय, पण कानाला काय शटर नसतंय.

आता मानाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळंल. क्रांतीच्या गाळ्याचं उद्घाटन होतं. तिच्या दाराचं शटर मी सरळ करून दिलेलं, मोरी मी साफ करून घेतलेली, पहिले आठ दिवस लाईटबी माझ्याच दुकानातनं. आणि उद्घाटनाला काय झालं, तर बँकेच्या साहेबाला फेटा, वायरमनला फेटा, मांडव घालणाऱ्याला फेटा, आणि बाळासो चौगुलेला टॉवेल-टोपी. फेटे कमी पडले म्हणं. कमी पडायचे ते माझ्यावरच येऊन पडले का? मी टॉवेल-टोपी घेतली, नमस्कार केला, आणि त्या दिवसापासनं बोलणं बंद केलं. क्रांती येता-जाता 'काका, बरं हाय का' म्हणायची, मी पत्र्याकडं बघायचो.

तर तिचे डबे तपासायला साहेब येणार होता. मोठ्या कंपनीचा. कोकणात कुठंतरी त्यांचा गॅसवरचा वीज प्रकल्प हाय, त्यासाठी डबे घेणार होते. फटीतनं मला ऐकू आलंच होतं, सासू-सुनेचं आदल्या दिवशीचं बोलणं. माल पास झाला तर दुकान चाललं. नापास झाला तर गाळा सोडायचा आणि दोघींनी हैदराबादला जायचं, असं राजवर्धननं फोनवर ठरवून टाकलेलं. शालूआक्का म्हणत होती, मी हैदराबादला जाऊन कुणाशी बोलू, तिथल्या भिंतीशी?  क्रांती तिच्या डब्याचं झाकण लावत होती, इस्क्रू फिरल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडतोय तोवर क्रांती दारात. म्हणाली, "काका, आज दुपारपर्यंत तेवढं वेल्डिंग बंद ठेवता का? आमच्या डोळ्याला तुमच्या उजेडाचा..."

मी तिला पुढं बोलूच दिलं न्हाय. म्हणजे आता माझा उजेड डोळ्याला खुपायला लागला. मी म्हणलं, "माझ्या दुकानात वेल्डिंगचा होल्डर कधी धरायचा आणि कधी ठेवायचा हे मी माझ्या बापालाबी विचारलं न्हाय."

 ती 'बरं' म्हणाली आणि गेली. खरं तर मी काम थांबवू शकलो असतो. बिद्रीकडच्या केरबाला त्याची उसाची ट्रॉली न्यायची होती, पण ती संध्याकाळी. तरी मी मुद्दाम लगेच काच तोंडावर घेतली आणि रॉड लावला. आमच्यात मान दिला की माणूस घरदार उघडं टाकतो, न्हाय दिला की चालू पंखाबी बंद करतो.

साहेब आला. दत्तप्रसाद त्याचं नाव. उंच, बारीक, इस्तरीचा शर्ट, आणि चप्पल दाराबाहेर काढून आत गेला म्हणून शालूआक्काला पहिल्या झटक्यात आवडला. क्रांतीनं डबा जोडला. डब्याला डोळा, डोळ्याला एक लाल दिवा. जाळ दिसला की दिवा लागणार. ती म्हणाली, "साहेब, मी दाखवतो." साहेब जरा चमकला. आमच्याकडच्या बायका करतो-जातो असंच बोलतात, त्यात चमकायसारखं काय हाय?

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं कळालं, कारण वेल्डिंग चालू असताना कानात नुसतं चर्र होतंय. रॉड संपला, मी थांबलो की पलीकडचं ऐकू यायचं. पहिल्यांदा थांबलो तेव्हा साहेब म्हणत होता, "ज्योत नाही, लायटर माझ्या खिशात आहे, आणि हा दिवा लागला कसा?" मी खूश झालो. खोटं कशाला बोलू? मी दुसरा रॉड लावला. पुन्हा थांबलो तर साहेब म्हणत होता, "आता बरोबर विझला." तिसरा रॉड संपवून थांबलो, तर क्रांतीनं काहीतरी समजावून सांगितलं होतं आणि साहेब म्हणत होता, "प्रत्येक ठिकाणी शेजारी काही ना काही असतंच, मॅडम." माझं नाव निघतंय असं वाटलं. मग मला राहवलं न्हाय. होल्डर ठेवला, हात पुसले, आणि वाईच तोंड दाखवून यावं म्हणून शेजारच्या दारात जाऊन उभा राहिलो. कुणाचं घर जळतंय आणि आपण शेकतोय, असलं ते वागणं होतं, पण गेलतो.

आणि मी दारात असेपर्यंत सगळं शिस्तीत झालं. साहेबानं लायटर पेटवला, दिवा लागला. विझवला, दिवा गेला. डबा बदलला, तरी तसंच. मला काय मजा आली न्हाय, म्हणून मी परत गेलो आणि कामाला लागलो. लगेच पलीकडं पुन्हा गोंधळ.

थोड्या वेळानं शालूआक्का स्वतः माझ्या दारात. पदर खांद्यावरनं घेतलेला, तोंडावर देवळात गेल्यासारखा भाव. म्हणाली, "बाळासो, तुम्ही जरा आमच्यात येऊन बसता का? तुम्ही दारात आलात की सगळं बरोबर होतंय, गेलात की बिघडतंय. तुमचा पायगुण हाय बघा."

शालूआक्का मला लहानपणापासनं अरे-तुरे करती. त्या दिवशी 'तुम्ही' म्हणाली. तिथंच मला शंका यायला पायजे होती. पण पायगुणाचं म्हणाल, तर मला त्यात नवीन काय वाटलं न्हाय. माझा पायगुण हाय हे मला लग्नापासनंच ठाऊक हाय. मी पहिल्यांदा शाहूवाडीला सासुरवाडीत गेलो त्याच वर्षी त्यांच्या विहिरीला पाणी लागलं. तानाबाई म्हणती की पाणी आधीपासनंच होतं, तुम्ही वाकून बघितलं न्हवतं. असू दे. मी शर्टाची बटणं लावली आणि गेलो.

हाताची खुर्ची दिली मला. हातबी टेकवायला मिळतात अशी, साहेबाला मिळाली न्हाय तसली. चहा कपबशीतनं. वर बेसनाचा लाडू. साहेबानं विचारलं, हे कोण? आक्का म्हणाली, "हे आमचे बाळासो. ह्यांना इथंच बसू दे." साहेबानं चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. क्रांतीनंबी एकदा आक्काकडं बघितलं, एकदा वर पत्र्याकडं बघितलं, आणि पुढचा डबा जोडला.

एकेक डबा पास होत गेला. लायटर पेटला की दिवा, विझला की अंधार. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. निम्मा माल झाला तेव्हा मी तंबाखू थुंकायला म्हणून उठलो, तर इंजिनेर साहेब, मोठ्या कंपनीचा, मला म्हणतो कसा, "बसा हो, बसा, एवढा एक होऊ द्या." मी बसलो. तंबाखू गिळायची पाळी आली, पण बसलो. फेटा काय, आणखी काय, असला मान मला आयुष्यात कुणी दिला न्हवता. मी आक्काला दुसरा लाडूबी मागितला.

आणि तेवढ्यात दिवा लागला. लायटर बंद, गाळ्यात कुठं जाळ न्हाय, आणि लाल दिवा टकाटका लागतोय, जातोय, लागतोय.

साहेबानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "संपलं, मॅडम. जिथं ज्योत नाही तिथं ज्योत बघणारी वस्तू मी पास करू शकत नाही. उद्या कुणाचा तरी जीव जाईल."

क्रांती म्हणाली, "साहेब, डब्यात दोष न्हाय. दिवा का लागतोय ते मी सकाळीच सांगितलं होतं."

"सांगितलंत. दाखवलं नाहीत."

मी खुर्चीत बसलेलो. म्हणजे पायगुण जाग्यावर होता, तरी बिघडलं. हे कसं, म्हणून मी बघायला लागलो, आणि माझी नजर वर गेली. पत्र्यावर निळा उजेड थरथरत होता. माझ्या दुकानातनं फटीतनं येत होता. बिद्रीचा केरबा वेळेआधीच येऊन बसला असणार आणि त्याच्या कटकटीला वैतागून तानाबाईनं होल्डर हातात घेतला असणार. ती माझ्यापेक्षा चांगलं वेल्डिंग करती, ते आता जाऊ दे. निळा उजेड थरथरला की लाल दिवा. निळा गेला की लाल गेला. ज्या उजेडावर माझा जन्म गेला तो उजेड मी ओळखणार न्हाय तर कोण ओळखणार? हा डोळा माझाच जाळ बघत होता. सकाळपासनं बघत होता. क्रांती सकाळी दारात येऊन हेच सांगत होती आणि मी तिला बापाचं उदाहरण दिलं.

मग दुसरं ध्यानात आलं. मी आक्काकडं बघितलं. आक्का चहाच्या गाळणीत बघत होती, जशी काय गाळणी आयुष्यात पहिल्यांदाच बघितली. म्हणजे मला वेल्डिंगपासनं लांब ठेवायला खुर्ची, कपबशी, लाडू. मी तिथं नुसता बसलो की काम होत होतं, कारण मी माझ्या दुकानात न्हवतो. उद्घाटनाला टोपी दिली होती, आज घातली. माझं डोस्कं असं फिरलं की कानातनं वाफ निघायची बाकी राहिली. मी उठलो, खुर्ची मागं ढकलली.

क्रांती डबे खोक्यात भरायला लागली होती. एक शब्द बोलली असती, साहेब, हाच तो शेजारी, ह्यालाच मी हात जोडून सांगितलं होतं, तर मी तिथंच रान उठवलं असतं, आणि मला बरंबी वाटलं असतं. पण ती तसं काय बोलली न्हाय. एवढंच म्हणाली, "काका, चहा संपवून जावा."

मी गेलो. माझ्या दुकानात केरबा पालथ्या बादलीवर बसलेला, तानाबाई काच लावून ट्रॉलीच्या आडव्या पट्टीवर वाकलेली. मी तिच्या हातनं होल्डर हिसकून घेतला. मनात म्हणलं, आता दिवसभर रॉड लावतो, रात्रीपर्यंत लावतो, बघू कसा पास होतोय माल. एक टाका मारला आणि वर बघितलं. ते पत्र्यावरचं निळं बघितलं आणि मला पुढचं सगळं दिसलं. गाळ्याला परत कुलूप. आक्का हैदराबादच्या भिंतीशी बोलत बसलेली. आणि मी इथं येऊन पत्र्याकडं बघणार, तर ते कुणाला दाखवायला? रुसायलाबी शेजारी कुणी लागतंय की. मला लई वाईट वाटलं, खरंच सांगतो.  

मग मी फटीकडं तोंड करून आवाज दिला, "ओ साहेब. दिवा बघा."

टाका मारला. "लागला?"

 पलीकडनं साहेबाचा आवाज, "लागला."

होल्डर उचलला. "गेला?"

"गेला."

पुन्हा मारला, पुन्हा उचलला. प्रत्येक वेळी पलीकडनं उत्तर. मग साहेब भिंतीच्या अगदी जवळ आला असावा, कारण त्याचा आवाज डोक्यावरनं आला. म्हणाला, आता तुम्ही काही बोलू नका, मनाला येईल तेव्हा करा आणि मनाला येईल तेव्हा थांबा, मी नुसता दिवा बघतो. मी तसं केलं. कधी लांब, कधी आखूड, कधी नुसताच थांबून राहिलो. केरबा म्हणाला, ह्याला काय झटका आलाय काय. तानाबाईनं त्याला बोटानं गप केलं. मग साहेब म्हणायला लागला, 'सुरू', मी सुरू. 'थांबा', मी थांबलो. 'सुरू.' 'थांबा.' तीस वर्षं झाली माझ्या दुकानाला, होल्डर मी दुसऱ्याच्या शब्दावर कधी धरला न्हवता. त्या दिवशी शाळेतल्या पोरासारखा धरला.

शेवटी साहेब स्वतः माझ्या दुकानात आला. चप्पल न घालताच. वर फटीकडं बघितलं, पत्र्याकडं बघितलं, ट्रॉलीकडं बघितलं. म्हणाला, ज्योतीतनं डोळ्याला न दिसणारे जे किरण निघतात तेच वेल्डिंगच्या ठिणगीतनं निघतात, ते पत्र्यावर आपटून पलीकडं येत होते, आणि डोळ्यानं ते प्रत्येक वेळी बरोबर पकडले. क्रांतीच्या डब्यानंबी डोळ्याला एकदाबी अडखळू दिलं न्हाय. मग मला म्हणाला, उरलेला माल होईपर्यंत थांबाल का? मी म्हणलं, थांबतो. केरबा बादलीवरनं उठून ओरडला, आणि माझी ट्रॉली? मी त्याला म्हणलं, पावणं, तुम्हीबी थांबा.

माल पास झाला. साहेब गेला. क्रांती दारात येऊन उभी राहिली, डोळे भरलेले. मीबी तिच्याकडं बघितलं, पत्र्याकडं न्हाय. मग तिच्या मागनं शालूआक्का आली, आणि मी तिला सोडली न्हाय. म्हणलं, "आक्का, पायगुणाचं तू माझ्याशी खोटं बोललीस."

"खोटं कुठलं?" आक्का म्हणाली. "तू आलास, बसलास, काम झालं. तुझ्या दुकानात होल्डर धरला, काम बिघडलं. पायगुण म्हणजे आणि वेगळं काय असतंय रे?"

 उत्तर तानाबाईनं दिलं. तिनं काच परत तोंडावर ओढली आणि आतनंच म्हणाली, "मग आक्का, ह्यांना रोज तुमच्यातच बसवत जावा. ट्रॉल्या मी करतो."

तिघी हसायला लागल्या, केरबाबी हसला. मीबी हसलो, पण जरा उशिरा.